घाटात पिकअप दम टाकते तो फॉल्ट जगात सगळ्यात आधी डिझेल नावाच्या माणसाने शोधला होता

मागे दीड टन कांदा भरलाय, समोर घाट सुरू झालाय. ड्रायव्हर गिअर पाडतो, ॲक्सिलरेटर तळाला लावतो, पण पिकअप काही खेचत नाही. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी चढ लागला की मेल्यासारखी होते. गॅरेजला नेली की चार जण चार निदानं सांगतात. एक म्हणतो डिझेल फिल्टर चोक झालाय, दुसरा म्हणतो टर्बो गेला, तिसऱ्याला नोझलवर संशय असतो आणि चौथा थेट इंजिन खोलायचंच काढतो.

गंमत म्हणजे यातला टर्बो सोडला तर बाकी सगळ्या भानगडी १३० वर्षांपूर्वी एका माणसाच्या मागे लागल्या होत्या. त्याच्याकडे ना स्कॅनर होता, ना मॅन्युअल, ना विचारायला कुठला जुना मिस्त्री. कारण तसलं इंजिन जगात दुसरं नव्हतंच. त्याचं आडनाव होतं डिझेल. पंपावर आपण ज्याची टाकी फुल करतो, ते नाव त्याचंच.

रुडॉल्फ डिझेल जन्माला आला १८ मार्च १८५८ ला, पॅरिसमध्ये. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाचे. वडील थिओडोर बुकबाइंडिंग आणि चामड्याच्या वस्तू करायचे. पोरगं १२ वर्षांचं असताना, १८७० साली फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना गाशा गुंडाळावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे खायचे वांदे होते, म्हणून रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे मास्तर होते. तिथेच पोराने ठरवून टाकलं की आपण इंजिनियर होणार.

स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकला गेला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे कृत्रिम बर्फ आणि थंडी तयार करणारी यंत्रं उभी करणारा माणूस. लिंडेंच्या वर्गात त्याला एक आकडा खटकला. त्या काळी सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालत होतं आणि ही इंजिनं कोळशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास काम बाहेर काढायची. शंभर रुपयांचा कोळसा जाळायचा आणि नव्वद रुपये धुराड्यातून हवेत सोडायचे, असा कारभार. ही उधळपट्टी रुडॉल्फच्या डोक्यात अडकून बसली.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइडने गाठलं. परीक्षा पुढे गेली, पण १८८० मध्ये तो अव्वल गुणांनी पास झाला. मग लिंडेंच्याच बर्फाच्या धंद्यात पॅरिसला नोकरी, तिथेच वरच्या पदापर्यंत मजल, १८८३ साली मार्था फ्लाशेशी लग्न, तीन मुलं. संसार मार्गी लागला होता. रिकामा वेळ मिळाला की मात्र हा इंजिनाच्या आकडेमोडीत बसायचा.

त्याची आयडिया समजायला सायकलचा पंप पुरे. जोरात हवा भरली की पंप खालच्या बाजूला गरम होतो. हवा दाबली की तापते, इतकं साधं आहे. डिझेलचं म्हणणं होतं की सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की ५०० अंशांच्या वर तापली पाहिजे. मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको, इंधन आपोआप पेट घेईल. जितकं जास्त दाबाल तितकं इंधनातून जास्त काम निघेल.

या कल्पनेचं पेटंट त्याला फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळालं. त्याच वर्षी त्याने त्यावर एक पुस्तिकाही काढली. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुट्झ यांनी प्रयोगाला जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनीने पैसा लावला. हाच ऑग्सबुर्गचा कारखाना पुढे मान या नावाने ट्रक बनवायला लागला.

कागदावर सगळं भारी होतं. प्रत्यक्षात गाडी कुठे अडकली ते बघण्यासारखं आहे.

जुलै १८९३ मध्ये पहिलं इंजिन उभं राहिलं. ते स्वतःहून चालू व्हायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कारखान्याच्या पट्ट्याने बाहेरून फिरवून बघितलं. पहिला फॉल्ट लगेच सापडला. दाब बनतच नव्हता. पिस्टनच्या कडेने आणि व्हॉल्व्हमधून हवा निसटत होती. आजच्या गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर इंजिन नवंकोरं आणि कॉम्प्रेशन डाऊन.

डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन गेलं की नुसती ताकद कमी होत नाही, पेटण्याचं साधनच जातं. पेट्रोल गाडीत निदान ठिणगी तरी असते. इथे दाबलेली हवा हीच ठिणगी. म्हणून रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेली पिकअप थंडीच्या दिवसात सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, झालीच तर पांढरा धूर सोडत खोकते. हवा पुरेशी तापलेली नसते आणि डिझेल न जळताच बाहेर पडतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र संशय हेड गॅस्केटवर घ्यायचा.

पुन्हा ऑग्सबुर्गला येऊ. सील नीट करून १० ऑगस्ट १८९३ ला त्या इंजिनात पहिल्यांदा इंधन सोडलं गेलं. स्फोट झाला. दाब ८० बारच्या आसपास गेला आणि सिलिंडरवर बसवलेला इंडिकेटर फुटून उडाला. इंडिकेटर म्हणजे आतला दाब कागदावर रेघ ओढून दाखवणारं यंत्र, आजच्या स्कॅनरचा पणजोबा म्हणा. नशिबाने कुणाचा जीव गेला नाही. दुसरा कुणी असता तर इंजिन भंगारात घातलं असतं, पण डिझेल खूश झाला. कारण मूळ मुद्दा सिद्ध झाला होता. ठिणगीशिवाय इंधन पेटलं होतं.

पण पेटणं वेगळं आणि चालणं वेगळं.

इंजिन पुन्हा खोलण्यात आलं, बदललं, जोडलं. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते परत पट्ट्याने फिरवत होते. लिंडर नावाचा मिस्त्री शेजारी उभा होता. त्याच्या लक्षात आलं की पट्ट्याचा ताण बदललाय. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, आता इंजिन पट्ट्याला ओढतंय. लिंडर काही बोलला नाही, त्याने गुपचूप डोक्यावरची टोपी काढली. डिझेलला त्यावरून कळलं की इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरतंय. हे सगळं चाललं साधारण मिनिटभर, फेरे झाले ८८.

पट्ट्याकडे बघून निदान करणारा लिंडर आज कुठल्याही हायवेच्या गॅरेजमध्ये शोभला असता. चांगला मिस्त्री खोलायच्या आधी बघतो आणि ऐकतो, ते हेच.

पुढची तीन वर्षं एकाच प्रश्नात गेली. सिलिंडरमध्ये प्रचंड दाब असताना आत इंधन घुसवायचं कसं? आणि नुसतं घुसवून भागत नाही. डिझेलचा थेंब पडला तर तो अर्धवट जळतो. त्याचं धुकं व्हायला हवं, तेही नेमक्या क्षणाला, नेमक्या मापात. त्या काळात एवढ्या दाबाला बारीक मापात इंधन मारणारा पंप बनवणं जमत नव्हतं. म्हणून डिझेलने दुसरा मार्ग काढला. एक वेगळा कॉम्प्रेसर लावायचा आणि त्याच्या दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकायचं. जमलं, पण तो कॉम्प्रेसर चालवायला इंजिनाचीच ताकद खर्च व्हायची. शिवाय ते धूड इतकं अवजड की गाडीत बसवायचा विचारच नको.

आणखी एक चूक त्याच्या थिअरीत होती. उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्याने पहिल्या इंजिनाला पाण्याचं कूलिंगच दिलं नव्हतं. पुढे ते द्यावं लागलं. २५० वातावरणाइतका दाब, स्थिर तापमानाला ज्वलन, हे पेटंटमधले मनोरेही त्याने हळूहळू सोडून दिले. स्वतःचं लिहिलेलं स्वतः खोडायला त्याला कमीपणा वाटला नाही, पण याची किंमत नंतर मोजावी लागली.

जून १८९५ मध्ये दुसरं इंजिन १६.६ टक्के कार्यक्षमतेपर्यंत पोचलं. वाफेच्या इंजिनापेक्षा बरं, पण डिझेलचं समाधान होईना. मग तिसरं इंजिन. १७ फेब्रुवारी १८९७ ला म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. मिनिटाला १५४ फेरे, ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या इंधनातून सव्वीस रुपयांचं काम. जगातल्या कुठल्याही इंजिनाला हे तोवर जमलं नव्हतं. १८ हॉर्सपॉवरचं ते इंजिन साडेचार टनांचं होतं हा भाग सोडा.

आता पैशांचा पाऊस सुरू झाला. अमेरिकेचे हक्क बिअरचा बादशहा आडोल्फस बुश याने १० लाख मार्कला घेतले. देशोदेशीच्या कंपन्या लायसन्ससाठी रांगेत उभ्या राहिल्या. भाड्याच्या घरांतून वाढलेला पोरगा चाळिशीत करोडपती झाला आणि त्याने म्युनिकमध्ये राजवाड्यासारखं घर बांधलं.

आणि इथेच खरा घाट लागला.

१८९८ मध्ये बव्हेरियातल्या केम्प्टनच्या काडेपेटी कारखान्यात पहिलं विक्रीचं इंजिन बसलं. दोन सिलिंडर, ६० हॉर्सपॉवर. प्रयोगशाळेत प्राध्यापकासमोर नीट चालणारं इंजिन रोजच्या धंद्यात मात्र टिकेना. कधी व्हॉल्व्ह, कधी कॉम्प्रेसर, कधी इंधन फवारणारा भाग, काही ना काही सुरूच. इतर ठिकाणीही तेच रडगाणं. गिऱ्हाईक इंजिनं परत करायला लागली. डिझेलने ऑग्सबुर्गमध्ये स्वतःच्या नावाने इंजिनाचा कारखाना काढला होता, तोही धड चालला नाही आणि पुढे बंद पडला.

निस्तरायचं काम केलं ते इमानुएल लाउस्टर या ऑग्सबुर्गच्याच इंजिनियरने. एकेक पार्ट सुधारत त्याने इंजिन भरवशाचं केलं. त्याचं नाव कुठल्या पंपावर नाही, पण इंजिन वाचलं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

केम्प्टनला जे कळलं त्यावर आजही गॅरेज चालतात. डिझेल इंजिनाची ताकद तीनच गोष्टींवर उभी असते. पुरेशी हवा, योग्य वेळी बारीक फवारलेलं इंधन आणि न गळणारा दाब. निदान करताना त्यातलं कुठलं कमी पडतंय एवढंच ठरवायचं असतं, आणि पिकअप ते धुरातून सांगते.

घाटात गाडी ओढत नाही, पण धूर अजिबात नाही, तर बहुतेक वेळा इंधनाची उपासमार असते. आधी डिझेल फिल्टर बघायचा, त्याच्या खालच्या भागात साचलेलं पाणी सोडायचं. मग टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप कुठे हवा तर ओढत नाहीये ना ते तपासायचं. फिल्टर अर्धा चोक असेल तरी रिकामी गाडी मस्त पळते, कारण तिला डिझेल लागतंच कमी. लोड आला की उघडं पडतं.

काळा धूर आणि ताकद कमी, तर उलटा हिशोब. इंधन आहे, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर झटकून नाही, बदलून बघायचा. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज हाताने चाचपायचे. बारीक चीर असली तरी दाबलेली हवा तिथून निघून जाते, कधी शिट्टीसारखा आवाज येतो, कधी होजवर तेलकट डाग दिसतो. बऱ्याच गाड्यांत टर्बो गेला म्हणून बिल फाटतं आणि दोषी असतो एक क्लॅम्प. होज ठीक असतील तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलाय का, हे बघायचं. हवा बरोबर असूनही काळा धूर जात नसेल तर नोझलकडे वळायचं. धुकं करण्याऐवजी ते थेंब टाकत असेल.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, मग टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलाय आणि गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जायलाच तयार नाही, तर ती लिंप मोडमध्ये गेलीये. तिथे अंदाज बांधण्यात अर्थ नाही, स्कॅनर लावून कोड वाचायचा. नव्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या रस्त्यातला काजळीचा फिल्टर चोक झाला तरी हेच होतं. इंजिनाला श्वास घेता येतो पण सोडता येत नाही.

इंजिन खोलायचं सगळ्यात शेवटी, तेही कॉम्प्रेशन टेस्ट केल्यावर. काही शे रुपयांचा फिल्टर आणि इंजिनकाम यांच्या खर्चात किती फरक आहे, हे पिकअपच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

डिझेलचं स्वतःचं इंजिन मात्र १८९८ च्या शरद ऋतूत बसलं. डोकेदुखी आणि निद्रानाशाने तो इतका खचला की सॅनेटोरियममध्ये भरती व्हावं लागलं. बाहेर विरोधक तुटून पडले होते. त्यांचा मुद्दा असा की पेटंटमध्ये जे लिहिलंय आणि जे इंजिन चालतंय त्यांचा मेळ नाही, मग शोध याचा कसा? कोर्टकचेऱ्या झाल्या. पैसा जमिनीत आणि तेलाच्या विहिरींत घातला होता, तिथेही खड्डा पडला.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च मान मिळाला. तिथे एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. सोशल मीडियावर फिरतं की डिझेलने इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं. तसं काही नाही. तो प्रयोग ओटो कंपनीने केला होता, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. आपल्या वसाहतींत पिकणाऱ्या शेंगदाण्यावर इंजिन चालेल का, हे त्यांना बघायचं होतं. डिझेलला वनस्पती तेलाचं आकर्षण होतं हे मात्र खरं.

त्याचं मूळ स्वप्न वेगळं होतं. मोठ्या वाफेच्या कारखान्यांपुढे छोटा कारागीर मरतोय, त्याच्या हातात स्वस्त ताकद द्यायची. १९०३ साली त्याने कामगारांच्या सहकारावर सॉलिडारिस्मुस नावाचं पुस्तकही लिहिलं, ते फारसं कुणी विकत घेतलं नाही. त्याच्या हयातीत इंजिन गेलं वीजघरांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. १९१२ साली सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं सागरी जहाज कोपनहेगनहून पूर्वेकडच्या सफरीला निघालं, तेव्हा जगभर कौतुक झालं. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेत एडिसनला भेटून आला. बाहेरून सगळं झकास दिसत होतं. आतून तो कर्जात बुडाला होता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियमच्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेसडेन बोटीत बसला. सोबत दोन ओळखीचे होते, जॉर्ज कॅरेल्स आणि आल्फ्रेड लुकमन. रात्रीचं जेवण झालं, १० च्या सुमाराला तो केबिनकडे गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी केबिन रिकामी. झोपायचे कपडे तसेच मांडलेले, अंथरूण न वापरलेलं. डेकवर कठड्यापाशी त्याची हॅट आणि घडी घातलेला कोट सापडला.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. अवस्था इतकी वाईट होती की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. १३ ऑक्टोबरला मुलगा ऑयगेनने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं ओळखलं. डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेला एक फुली होती. जाण्याआधी त्याने पत्नीला एक बॅग दिली होती, आठवडाभर उघडू नको असं बजावून. त्यात थोडी रोकड निघाली आणि खाती रिकामी असल्याचे कागद.

ब्रिटिश नौदल, जर्मन गुप्तहेर, तेल कंपन्या, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पुरावा एकाही गोष्टीचा पुढे आला नाही. चरित्रकारांपैकी बहुतेकांचा कल आत्महत्येकडे आहे. पोस्टमॉर्टेम झालंच नाही, त्यामुळे यापुढे जाता येत नाही.

त्याला जन्मभर नडलेलं कोडं दुसऱ्यांनी सोडवलं. बेंझ कंपनीतला प्रॉस्पर लोरांज १९०९ पासून कॉम्प्रेसरशिवाय इंधन फवारण्याच्या मागे होता. त्याआधी १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबण्याचं, म्हणजेच टर्बोचं पेटंट घेतलं होतं. १९२४ मध्ये ऑग्सबुर्गच्या त्याच मान कंपनीचा डिझेल ट्रक आला. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून इंधन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडायला लागले आणि गाडीतला अवजड कॉम्प्रेसर कायमचा गेला. आज कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने डिझेल फवारलं जातं. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या.

छोट्या माणसाच्या हातात ताकद द्यायचं स्वप्नही उशिरा का होईना पुरं झालं, तेही जिथे तो कधी आला नाही अशा ठिकाणी. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या विहिरींवर मोटेच्या जागी डिझेलची इंजिनं धडधडायला लागली. गावात त्याला कुणी डिझेल इंजिन म्हणत नव्हतं, नुसतं इंजिन म्हणायचे.

१८९७ साली श्रोटर साहेबांनी तपासलेलं ते साडेचार टनांचं धूड म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे.